नेडच्या जागी

मी त्या मनोऱ्यावर पहिल्यांदा चढले ती भांडायला.

एप्रिलमधला मंगळवार होता. विचकोट गावात राहायला येऊन मला जेमतेम पाच दिवस झाले होते, आणि चर्चला खेटून असलेलं इतकं गोड घर इतके दिवस रिकामं का होतं, ते मला त्या संध्याकाळी कळलं. साडेसातच्या ठोक्याला सहा घंटा एकदम सुरू झाल्या. कपातला चहा थरथरायला लागला. तासभर दात-ओठ खात बसले, मग घरातल्या सपाता घालूनच तरातरा निघाले. काळोखा गोल जिना, एकोणचाळीस दगडी पायऱ्या... आणि धापा टाकत दार ढकललं.

आत सहा माणसं गोल करून उभी होती. प्रत्येकाच्या हातात छतातून खाली आलेला एकेक दोर. कोणी चकार शब्द बोलत नव्हतं, फक्त एकमेकांकडे बघत दोर ओढत होते.

"थांबा!" एक म्हातारी कडाडली आणि सहाही घंटा एकामागून एक गप्प झाल्या. मग ती माझ्याकडे वळली. "दार लाव, पोरी. वारा येतो."

"मी तक्रार करायला आलेय!"

"ती नंतर कर. उंची किती तुझी?"

"पाच फूट सहा... पण का?"

"नेड, हिला दोर दाखव."

नेड म्हणजे कोपऱ्यातला तो उंच मुलगा. स्वेटरच्या कोपरांवर लाकडाचा भुसा, कानामागे विसरलेली पेन्सिल. तो आधी माझ्या पायांकडे बघत राहिला. माझ्या सपातांवर सशांची तोंडं होती.

"ससे छान आहेत," तो गंभीरपणे म्हणाला. "तेही तक्रार घेऊन आलेत का?"

मी हसणार नव्हते. पण हसले. झालं, तक्रार तिथेच संपली.

म्हातारी म्हणजे मिसेस टिप्टन, छप्पन वर्षं घंटा वाजवणाऱ्या आणि आता सगळ्यांच्या म्होरक्या. त्यांनी पहिल्याच दिवशी आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. नेड सुतार होता. त्याला स्कॉटलंडच्याही वर, ऑर्कनी बेटांवर, लाकडी बोटी बांधायला शिकायला जायचं होतं. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. पण नेडनं मिसेस टिप्टनना शब्द दिला होता की सहावा माणूस तयार झाल्याशिवाय गाव सोडणार नाही.

"पाचच घंटा वाजवायच्या म्हणजे समोरचा दात पडल्यावर हसायचं," त्या म्हणाल्या. "वर्षभर गाव पालथं घातलं, कोणी मिळेना. आणि तू आपल्या पायांनी चालत आलीस!"

म्हणजे मी शिकायचं, ते नेडला जाता यावं म्हणून. तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तो मला कोण लागत होता?

शिकवणी सुरू झाली. घंटेचा दोर शिकवायची रीत अशी, की दोघांनी एकाच दोराशी समोरासमोर उभं राहायचं, अगदी श्वास लागेल इतकं जवळ. एक ओढ त्याची, पुढची माझी.

"दोराकडे बघू नकोस," नेड म्हणाला. "माझ्याकडे बघ."

"का?"

"दोराकडे बघितलंस की घाबरशील."

"आणि तुझ्याकडे बघितल्यावर?"

"ते मग... तूच सांग."

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांच्या डोळ्यांत बघणं हे माझं पोटापाण्याचं काम, दिवसाला वीसेक जोड्या बघून होतात. कधी काही वाटलं नव्हतं. नेडच्या करड्या डोळ्यांपैकी उजव्यात एक तपकिरी ठिपका होता. दुसऱ्या मंगळवारी मी त्या ठिपक्याकडे इतकं मन लावून बघितलं की दोर सोडायचाच विसरले. वर टांगलेली घंटा माझ्या पाचपट वजनाची. मी हातभर वर उचलली गेले.

"सोड! अगं सोड!" नेड ओरडला आणि त्यानं मला कमरेला धरून खाली घेतलं. खाली घ्यायला त्याला जरा जास्तच वेळ लागला. मिसेस टिप्टन खिडकीबाहेर बघत होत्या.

मे महिन्यात माझा हात बसला. जूनमध्ये मी बाकी पाचजणांबरोबर वाजवायला लागले. सहाही घंटा ओळीनं एकेकदा वाजल्या की एक फेरी. मग नेडनं नवीनच टूम काढली. म्हणे, प्रत्येक घंटेचा स्वभाव वेगळा, एकाच मनोऱ्यावर शिकलेला माणूस विहिरीतला बेडूक. त्यामुळे दर शनिवारी त्याच्या खटारा व्हॅनमधून आम्ही गावोगावी. फळ्यांचा वास, थर्मासमधला चहा, चीज आणि लोणच्याची सँडविचेस, दोन्ही बाजूंनी कुंपणांवर पांढरी फुलं. एका गावी दोर इतका आखूड की मी खोक्यावर उभी राहून वाजवलं. दुसऱ्या गावी लग्न होतं आणि त्यांचा एक माणूस आजारी, तर आम्हालाच उभं केलं. तिसऱ्या गावच्या जत्रेत नेडनं चेंडूनं नेम धरून नारळ पाडला आणि गुलाबाचा गुच्छ द्यावा तसा वाकून मला दिला.

"याचं काय करायचं असतं?" मी विचारलं.

"कोणास ठाऊक. आईनं मागच्या वर्षीचा दाराला अडकण म्हणून लावलाय."

त्या दिवशी परतताना पाऊस आला. व्हॅनचा एकच वायपर चालायचा, तोही त्याच्या बाजूचा. माझ्या काचेवर नुसतं पाणी. मला बाहेरचं काहीच दिसत नव्हतं आणि काहीच बघायचं नव्हतं. तो गुणगुणत होता, बेसूर. आणि मला स्वच्छ कळलं की मी या माणसावर प्रेम करतेय. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरंही कळलं. मी ज्या दिवशी तयार होईन, त्या दिवशी हा जाईल.

मग मी चुकायला लागले.

फार नाही, थोडंसंच. क्षणभर उशिरा ओढायचं, जरा जास्त धरून ठेवायचं. "अरेच्चा!" म्हणायचं. नेड म्हणायचा, "होईल हळूहळू. घाई काय आहे?" माझा जीव भांड्यात पडायचा. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि समजतं, कोणी बघत नाही.

ऑगस्टमध्ये आमच्या मनोऱ्याची सहल निघाली. ही दरवर्षीची मोठी मौज. मिनीबस करायची आणि दिवसभरात सहा गावचे मनोरे वाजवून यायचं, मध्ये पबमध्ये जेवण आणि शेवटी केक. चौथा मनोरा सेव्हर्न नदीच्या काठी होता. तिथून उतरताना मिसेस टिप्टननी मला जिन्यातच अडवलं.

"ब्रायनी, खरी चूक कशी असते ठाऊक आहे? भटक्या मांजरीसारखी. कधीही येते, कुठूनही येते. तुझी चूक मात्र बरोबर दर चौथ्या फेरीला येते, घड्याळ लावून."

मी भिंतीकडे बघत राहिले.

"माझे कान म्हातारे झालेत, पोरी. मूर्ख नाही झाले."

"तुम्ही... त्याला सांगणार?"

"मी कशाला सांगू? पण ऑर्कनीहून पत्र आलंय. तो फ्लेट म्हणून कारागीर आहे ना, पंच्याहत्तर वर्षांचा, तो हा शेवटचाच शिकाऊ घेतोय. एक सप्टेंबरला नेड पोचला नाही, तर जागा दुसऱ्याला. आणि नेड दिलेला शब्द मोडायचा नाही, त्याचा बापही असाच होता."

"मग तुम्हीच त्याला मोकळं करा ना!"

"केलं असतं. पण आज मोकळा केला तर उद्याच निघेल, आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी माझ्या नातीचं लग्न आहे. पाच घंटांवर मी तिला सासरी पाठवणार नाही. त्या दिवशी त्याच्या जागी तू वाजवायचंस, चुकली नाहीस की तो मोकळा. आहे मी आपमतलबी." त्यांनी माझा गाल थोपटला. "तूही आहेस. जा आता, चहा घे."

चहा कसला घेते! बाहेर धो धो पाऊस लागला होता. नेड नदीकाठून हात हलवून बोलावत होता. तिथे ठोकळ्यांवर एक जुनी बोट पालथी घातलेली होती आणि तो तिच्याखाली जाऊन बसला होता. मी धावत गेले आणि त्याच्या शेजारी शिरले. डोक्यावर फळ्या, फळ्यांवर पाऊस.

तो माझ्याकडे बघतच नव्हता. फळ्यांवरून हात फिरवत होता, आजारी गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"बघ, प्रत्येक फळी खालच्या फळीवर जराशी चढलीये. खिळा कुठे मारायचा ते फ्लेटला म्हणे नुसत्या बोटांना कळतं. मला अजून डोळ्यांनीही कळत नाही."

"कळेल."

"सात वर्षं मी लोकांची स्वयंपाकघरं करतोय, ब्रायनी. वाईट काम नाही. पण कपाट कुठे जात नाही गं. जिथे ठेवलं तिथेच राहतं." तो हसला आणि पुन्हा फळ्यांकडे बघायला लागला. त्याचा तसा चेहरा मी कधी बघितला नव्हता. हवी असलेली वस्तू दुकानाच्या काचेआड दिसावी आणि दुकान बंद असावं, तसा.

मला माझी इतकी लाज वाटली की मी मान खाली घातली.

"काय झालं?"

"थंडी वाजतेय."

त्यानं स्वेटर काढून माझ्या खांद्यांवर टाकला. मग मी विचारलंच, "मी फार हळू शिकतेय ना?"

"हळू?..." तो नदीकडे बघायला लागला. "हो. म्हणजे, जराशी."

लग्नाच्या शनिवारी ऊन पडलं होतं. मिसेस टिप्टन निळ्या टोपीत, तरी हातात दोर घेऊन उभ्या. नातीच्या लग्नात स्वतः वाजवणार, म्हणे खाली बसून रडण्यापेक्षा बरं. नेडच्या दोराशी मी. आणि नेड माझ्या मागे भिंतीला टेकून उभा, लागलंच तर दोर झेलायला. खालून आमच्या पाद्री, रेव्हरंड पॉलीन, यांची हाक आली, "नवरानवरी निघाले गं, निघाले!" पॉलीनना जिन्याची भीती वाटते, त्या कधीच वर येत नाहीत.

आम्ही सुरू केलं. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. चौथीला माझे हात सवयीनं रेंगाळायला बघत होते. एक क्षण उशीर केला असता, तर मिसेस टिप्टननी मान हलवली असती आणि नेड राहिला असता. कपाटं करत, माझ्याजवळ, आयुष्यभर.

मी दोर वेळेवर ओढला. पाचवी फेरी, सहावी, विसावी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात दोरावर, त्यामुळे पुसताही येईना. मिसेस टिप्टन समोरून बघत होत्या, त्यांचेही डोळे वाहत होते. दहा मिनिटं वाजवलं. माझी एकही चूक झाली नाही.

थांबल्यावर मागे वळले, तर भिंतीशी नेड नव्हता.

तो खाली सापडला, चर्चच्या मागच्या बाजूला, सफरचंदाच्या झाडाखाली. सगळं लग्न पुढच्या दारी नवरानवरीवर पाकळ्या उधळत होतं.

"मला हे जूनपासूनच येतंय," मी म्हणाले. एका दमात, नाहीतर बोलणंच झालं नसतं. "मी मुद्दाम चुकत होते. तू जाऊ नयेस म्हणून. मला माफ कर."

"माहितेय."

"काय माहितेय?"

"अगं, मी शिकवलंय तुला. मला नाही कळणार?" त्याचे कान लाल झाले होते. "दर मंगळवारी मिसेस टिप्टन विचारायच्या, 'झाली का तयार?' आणि मी सांगायचो, 'छे, अजून वेळ लागेल.'"

"चर्चमध्ये खोटं बोललास?"

"मनोऱ्यात बोललो. देव तळमजल्यावर असतो."

मी हसत होते की रडत, मलाच कळेना.

"तू चुकलीस ना, की मला इतकं बरं वाटायचं," तो म्हणाला. "आज एकसुद्धा चूक ऐकू आली नाही. वाटलं, संपलं. हिला आता मी गेलेलाच हवाय."

"हवाच आहेस. तुला बोटी बांधायच्यात, आणि तू त्या बांधायच्यास. आणि माझं तुझ्यावर प्रेम आहे. दोन्ही खरं आहे, नेड, आणि मला दोन्हींपैकी काहीच सोडायचं नाहीये."

तो जवळ आला. अख्खा उन्हाळा एकमेकांकडे बघण्यात घालवल्यावर आम्ही पहिल्यांदाच डोळे मिटले.

"ऑर्कनीला येशील?" बऱ्याच वेळानं त्यानं माझ्या केसांत विचारलं. "पहिल्यांदा नुसती बघायला. आठ दिवस. मग पुढचं दोघं मिळून ठरवू."

"कशी येऊ? आता सहावी मी आहे."

दोघांचेही चेहरे पडले. तेवढ्यात झाडामागून खाकरल्याचा आवाज आला. मिसेस टिप्टन केकची बशी घेऊन उभ्या होत्या, आणि किती वेळ उभ्या होत्या ते देव जाणे.

"मंगळवारपासून पॉलीन शिकायला येतेय," त्या म्हणाल्या.

"त्या? त्यांना तर जिन्याची भीती वाटते!"

"तिला म्हटलं, पाद्री झालीस तरी देवाच्या इतकं जवळ जायला घाबरतेस, लोक काय म्हणतील? आली ताळ्यावर. ब्रायनी, तिला तू शिकवायचंस, मी बसेन शेजारी. ती तयार झाली की तू मोकळी."

सोमवारी नेड गेला. फलाटावर मी इतकी रडले की तिकीट तपासणाऱ्यानं मला स्वतःचा रुमाल दिला.

आणि मंगळवारी सात वाजता मी रेव्हरंड पॉलीनच्या दारात हजर! एकोणचाळीस पायऱ्या मी त्यांना हात धरून चढवल्या, दर आठवड्याला चार-चार वेळा. शनिवार नाही, रविवार नाही, दुपारची झोप नाही. "बाई, जरा दमानं घे," त्या विनवायच्या. मी कुठली घेतेय! मला चार महिने लागले होते, त्यातले निम्मे मुद्दाम. ऑक्टोबर संपायच्या आत मी त्यांना सगळ्यांबरोबर वाजवायला उभं केलं.

मिसेस टिप्टन डोळे मिटून ऐकत होत्या. पॉलीन तिसऱ्या फेरीला चुकल्या. मग अकराव्या, मग तेराव्या.

"तयार आहे म्हणतेस?" वाजवून झाल्यावर मिसेस टिप्टननी मला विचारलं.

"अगदी तयार," मी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

त्यांनी हातमोजे चढवले, टोपी सारखी केली आणि दाराशी जाऊन थांबल्या.

"मग गाडी कितीची आहे तुझी?"