सिद्धूच्या आईला सांगायची गोष्ट

"पात्र, स्थळ, संघर्ष, कळस, शेवट…" सातारा–सांगली एसटीत खिडकीशी बसून मी पुटपुटत होते. सहामाही परीक्षा चार दिवसांवर आली होती आणि कथेचे घटक काही केल्या डोक्यात राहत नव्हते.

"एवढं पाठ केलं की गोष्ट सांगाया येती?"

शेजारच्या माणसानं विचारलं होतं. बारीक कापलेले केस, पायाशी काळी ट्रंक — फौजी. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती… मी घाईनं वहीत बघितलं.

"मार्क तरी पडतात," मी म्हणाले.

"मंग मला शिकवा की, बाई. एकच गोष्ट सांगायची हाय. पर नीट सांगायची हाय."

"फी पडेल."

"रोज च्या पाजतो. चालंल?"

बाहेर बहात्तर सालच्या दुष्काळानं करपलेली रानं मागं पळत होती, आणि मी मात्र हसत होते.

त्याचं नाव सयाजी. सांगलीत चुलत्याकडे उतरला होता. विश्रामबागेत आमच्या कॉलेजसमोरच्या टपरीवर तो तीन दुपारी आला. त्याच्या पलटणीतला दोस्त, सिद्धू, दहा महिन्यांपूर्वी गेला होता. जतच्या पलीकडं, माळावरच्या धनगरवस्तीत त्याची आई होती — हरणाबाई. तिच्यापर्यंत फक्त तार पोचली होती. पोरगं कसं गेलं, हे सयाजीला जाऊन सांगायचं होतं.

"आधी पात्र," मी म्हणाले. "सिद्धू कसा होता?"

"लय येडा! बराकीत मेंढरागत वरडायचा. सुभेदारसायेब मेंढरू हुडकत फिरायचे!" तो खदखदून हसला.

"तुम्ही सांगताना छान दिसता," मी बोलून गेले… आणि कानांपर्यंत तापले.

"आन तुमी ऐकताना," तो हळूच म्हणाला.

तिसऱ्या दुपारी संघर्षाची पाळी आली. "गोळ्यांचा वर्षाव सुरू झाला," सयाजी सांगू लागला, "सिद्धूनं प्राणाची पर्वा केली नाही…"

ही त्याची भाषा नव्हती. वर्तमानपत्रातली होती.

"तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"मी? हुतो की… तितंच."

"तिथंच म्हणजे? अख्ख्या गोष्टीत तुम्ही दिसतच नाही. सांगणारा कुठं उभा आहे ते कळलं नाही, तर ऐकणाऱ्याला खरं कसं वाटेल?"

त्यानं हातातली चहाची बशी खाली ठेवली.

"गोळ्या न्हवत्याच," तो म्हणाला. "लढाई संपून बारा दिस झालं हुतं. त्येची सुट्टी मंजूर झालेली. रेल्वे चुकू ने म्हणून मी ट्रक पळवला… धुकं हुतं. गाडी उलटली. चौकशीत धुक्याचं नाव लागलं. पर गाडी मी चालवत हुतो, बाई."

मी वही मिटली.

"तुमी येता संगं? एकट्यानं जाववंना."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा पेपर होता. मी तो बुडवला.

हरणाबाई वस्तीवर नव्हती. दुष्काळी कामावर, उन्हात, खडी फोडत बसली होती. सयाजी तिच्यासमोर उकिडवा बसला. मी शिकवलेलं त्यानं काहीच वापरलं नाही. ट्रक, धुकं, आपले हात — सगळं सांगितलं. तिचा हातोडा चालूच होता. मग थांबला.

"गावात त्येच्या फोटूला हार घालत्यात," ती म्हणाली. "लढताना मेला म्हणत्यात."

"न्हाई, आये. घरला येत हुता. तुमच्याकडं."

तिनं पदर तोंडात कोंबला. आजूबाजूच्या बायांचे हातोडेही थांबले होते.

"लगीच गेला?"

"न्हाई. थोडा येळ हुता."

"पाणी मागितलं आसंल त्येनं."

"मागितलं. मी पाजलं."

"बरं केलंस," ती म्हणाली. मग हातोडा उचलला. "आता ऊठ. परत माझ्या म्होरं यिऊ नगंस."

तो वाकला, पाया पडायला. तिनं पाय आखडून घेतले.

सडकेच्या कडेला एसटीची वाट बघत आम्ही उभे होतो. सावली कुठंच नव्हती.

"आठ दिस सुट्टी राहिलीया," सयाजी जमिनीकडं बघत म्हणाला. "तुमच्या घरी मागणी घालाया माणूस धाडणार हुतो. कालपातूर. आता कुठल्या तोंडानं…"

"माणूस धाडा."

"समदं ऐकून बी?"

"ऐकलं म्हणूनच. तिथं तुम्ही खोटं सांगितलं असतं ना — तर मी एकटीच परतले असते."

त्यानं मान वर केली. हसला नाही, रडत होता, लहान मुलासारखा, तोंड न झाकता. खडीवरच्या बाया बघत होत्या. माझ्या घरी कळलं तर माझं शिक्षण त्याच दिवशी बंद होणार होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी त्याचा हात धरला.

एसटी धुरळा उडवत आली. त्याच्यानं पायरी चढवेना. मी दंडाला धरून त्याला वर घेतलं, बाकावर बसवलं, आणि त्याच्याशेजारी बसले.

कंडक्टरनं आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "बाई, हे तुमच्यासंगं हायती?"

"हो," मी म्हणाले. "माझ्याबरोबर आहेत."