रावसाहेब नको म्हणतात

त्याची पॅन्ट गुडघ्यापासून घोट्यापर्यंत फाटली होती, म्हणून तो आमच्या दुकानात आला.

दुकान म्हणजे कपडे दुरुस्तीचं. ताई बेतते, कापते, मी शिवते. गिऱ्हाइकांशी बोलायचं कामही माझंच, कारण ताईच्या मते मी अर्धा तास गप्प बसले तर आजारी पडेन.

"कुत्रा?" पॅन्ट बघून मी विचारलं.

"कुत्रा. पण चूक माझी होती."

कुत्र्याची बाजू घेणारा माणूस! मला तो लगेच आवडला. मी कौतुकाने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "आमचे रावसाहेब बघा. रस्त्यावरचे आहेत, पण वळण बघा! भटक्या कुत्र्यांच्या संस्थेतून आणून नऊ दिवस झाले. भुंकणं नाही, धावणं नाही, काही ओरबाडणं नाही. ठेवलं तिथे बसतात."

रावसाहेब शिलाई मशीनच्या मागे भिंतीला पाठ लावून बसले होते. रंग तांबूस, एक कान फाटका, आणि बसण्यात असा रुबाब की मी दुसरं नावच सुचू दिलं नव्हतं.

तो माणूस खाली बसला. कुत्र्याकडे सरळ न बघता, तोंड दाराकडे करून. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो कुत्र्याला निरखत राहिला. मग हळूच म्हणाला, "हा शहाणा नाहीये हो. घाबरून थिजलाय."

झालं, माझं डोकं फिरलं. "तुम्ही पॅन्ट द्यायला आलात की माझ्या कुत्र्याला नावं ठेवायला?"

"बघा ना..." त्याचा आवाज तसाच, मऊ. "समोर खाणं नाही, तरी जीभ नाकावरून फिरवतोय. झोप आलेली नाही, तरी जांभया देतोय. मान तिकडे, डोळे इकडे. तुमच्यासमोर खातो का?"

"नाही. आम्ही आत गेल्यावर खातात. सभ्य आहेत म्हणून..." मी बोलले खरी, पण माझं मलाच कसंतरी झालं.

"एकविसाव्या दिवशी संस्थेचा माणूस तपासणीला येतो," तो म्हणाला. "कुत्रा रुळला नसेल तर परत नेतात."

"माहीत आहे. पण तुम्हाला कसं माहीत?"

"तो माणूस मीच."

ताईची कात्री कापडात मधेच थांबली.

तो गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन रडले. नऊ दिवस मी त्या जिवाच्या भीतीचं गल्लीभर कौतुक करत फिरले होते. आणि आता त्यांनी रावसाहेबांना परत नेलं तर? पुन्हा तो पिंजरा, पुन्हा कुणीतरी नवीन... छे. त्यांना मी सोडणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो पॅन्ट न्यायला आला, तेव्हा मी भांडण गिळून सरळ विचारलं, "काय करू ते सांगा."

"आधी तो कशाला घाबरतो ते शोधू. तोवर एकच करा. त्याने तोंड फिरवलं की हात मागे घ्यायचा. त्याचं 'नको' तुम्ही ऐकलंत, तरच तो कधीतरी 'हो' म्हणेल."

मग तो रोज संध्याकाळी यायला लागला. दरवेळी हातात एक शर्ट, आणि शर्टाचं एक बटण गायब. चौथ्या दिवशी ताईने त्याच्यासमोरच शर्ट उजेडात धरला. "तुटलेल्या बटणाचा धागा विस्कटलेला असतो," ती म्हणाली. "हा छान सरळ आहे. ब्लेड की कात्री?"

त्याचे कान लाल झाले. मी मान खाली घालून उगाचच बॉबिन दोऱ्याने भरत बसले, आणि इतकी भरली की मशीनमध्ये बसेना.

त्याच दिवशी तो म्हणाला, "माझं माप घ्या बरं."

"कशाचं?"

"कशाचंही. रोज घेता तसं घ्या, नेहमीच्या घाईत."

मी गळ्यातली टेप सर्रकन ओढली आणि त्याच्या छातीभोवती धरली. त्याच्या शर्टाला साबणाचा वास होता... "अडतीस."

"पुन्हा. टेप परत गळ्यात टाका आणि ओढा."

"अडतीस."

"पुन्हा."

"अडतीसच आहे हो. मोजून मोजून छाती वाढत नसते."

तो हसला नाही. रावसाहेबांकडे तिरकं बघत होता. "टेप गळ्यातून ओढता ना, तेव्हाच तो थिजतो. त्याला कुणीतरी कमरेच्या पट्ट्याने मारलंय. पट्टाही असाच सर्रकन निघतो."

मी टेप टेबलावर ठेवून दिली. दिवसातून तीस-चाळीस वेळा मी ती ओढत होते. त्यांच्यासमोर, रोज, हसत हसत.

त्या दिवसापासून टेप टेबलावर. मग टेप जमिनीवर, शेजारी खाऊ, आणि आम्ही दोघं लांब, पाय दुमडून बसलेलो. बाहेर पाऊस भुरभुरत असायचा आणि आम्ही कुजबुजत बोलायचो.

"तुम्हाला एवढा धीर आहे कसा?" मी एकदा विचारलं.

"कुत्र्यांच्या बाबतीत आहे," तो म्हणाला. "इतर बाबतीत... संपत आलाय."

सोळाव्या दिवशी रावसाहेब उठले. त्यांनी टेप हुंगली, तिच्यावर पाय ठेवला आणि माझ्या देखत खाऊ खाल्ला. मी आनंदाने त्या माणसाचा दंड गच्च धरला. सोडायचं बराच वेळ लक्षात आलं नाही, आणि त्यानेही आणून दिलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी मात्र तो दारातच उभा राहिला.

"तपासणीला मी येणार नाही. दुसऱ्या बाई येतील. मीच तसं सांगितलंय."

"वा. म्हणजे रावसाहेब नापास होणार, आणि तोंडावर सांगायची हिंमत नाही."

"तसं नाही. तपासणाऱ्याचं त्या घराशी काही... असून चालत नाही. माझं आता आहे."

"काय आहे?" मला कळलं होतं. पण ऐकायचं होतं.

"निकाल लागू दे. आत्ता बोललो तर तुम्हाला 'नाही' म्हणणं जड जाईल. मला तसं नकोय."

तो निघून गेला. दोन दिवस मी एकही शिवण सरळ घातली नाही.

बाई आल्या त्या थेट खुर्ची ओढून बसल्या. "चालू द्या तुमचं." मी एका गिऱ्हाइकाचं माप घेतलं. टेप टेबलावरून हळू उचलली, हळू ठेवली. रावसाहेब पाय पसरून पडलेले, डोळे अर्धे मिटलेले. ताईने सुटकेचा निःश्वास टाकला. आणि बाई एकदम उठल्या, रावसाहेबांवर वाकल्या आणि दोन्ही हात त्यांच्या डोक्याकडे नेले.

रावसाहेबांनी ओठ चाटले. तोंड फिरवलं.

"थांबा," मी म्हणाले. "त्यांना नकोय."

"मी पंचवीस वर्षं कुत्री हाताळतेय."

"असेल, पण त्यांनी नको म्हटलंय. यायचं तेव्हा ते येतील." बाईंनी वाईट शेरा मारला तर रावसाहेब गेले, हे मला दिसत होतं. तरी मी त्यांच्यात आणि बाईंच्यात जाऊन उभी राहिले. ताईने डोळे मिटून घेतले.

बाई मागे सरकल्या. रावसाहेब उठले, सगळं अंग झटकलं, माझ्या पायाला पाठ घासून पुढे गेले आणि आपण होऊन बाईंचा बूट हुंगला.

"मुद्दाम वाकले होते मी," बाई कागदावर सही करत म्हणाल्या. "लोक मला खूश करायला कुत्र्याला पुढे ढकलतात. तुम्ही मलाच मागे ढकललंत. कुत्रा तुमचा."

मी ताईला मिठी मारली, साखळी घेतली आणि रावसाहेबांना घेऊन बाहेर धावले. तो समोरच्या बसथांब्यावर उभा होता. त्याची बस आली, गेली. त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"रावसाहेब आमचे," मी रस्ता ओलांडून, धापा टाकत म्हणाले. "आता बोला. 'नाही' म्हणायला मी मोकळी आहे."

त्याने एक मोठा श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता. भांडता तेव्हा जास्तच. रोज संध्याकाळी तुमच्याकडे यायला मिळावं, एवढंच हवंय. जन्मभर. चालेल?"

बसथांब्यावरच्या चार माणसांनी माना वळवल्या. समोर दुकानाच्या दारात ताई कमरेवर हात ठेवून उभी. रावसाहेब आमच्या दोघांच्या मधे ऐसपैस बसलेले.

"हो," मी म्हणाले, आणि भर रस्त्यात सगळ्यांच्या देखत त्याचा हात धरला.