डाव्या हाताचं भांडण

"माझ्या कीबोर्डला हात कुणी लावला?" ती कडाडली.

शेजारच्या टेबलाखालून, वायरींच्या गुंत्यातून एक डोकं वर आलं. केसांत धूळ आणि चेहऱ्यावर... हसू! काही लोकांना कुठे हसावं तेच कळत नाही. आगीत तेलच पडलं.

"मी. कॉम्प्युटर दुरुस्त करतो. आठवडाभर याच खोलीत आहे, पण तुम्ही मान वर कराल तर दिसेन ना!"

सिनेमात पडद्यावर खाली येणाऱ्या संवादांच्या ओळी, म्हणजे सबटायटल्स, टाइप करणं हे तिचं काम. स्क्रीनवरच्या एका खिडकीत ऐकायचं, दुसरीत लिहायचं, तिसरीत शब्द शोधायचा. खिडकी बदलायला दिवसभर डाव्या हातानं ऑल्ट-टॅब, ऑल्ट-टॅब. आज नेमकी तीच बटणं मुकी झाली होती आणि दुपारपर्यंत अख्खा सिनेमा द्यायचा होता.

"उजव्या हाताखालच्या तीन बटणांवर तीन खिडक्या लावल्यात," तो म्हणाला. "डाव्याला आराम. जुनी बंद केली, नाहीतर सवयीनं हात तिकडेच —"

"कुणी सांगितला होता नसता उद्योग? हात माझा, मनगट माझं! तू कोण रे टिकोजीराव?"

'तू' निसटलं खरं. पण ते मागे घ्यायला तिची जीभ तयार नव्हती.

"मनगट दाबत बसता तुम्ही. कुणी आलं, की हात मांडीवर लपवता..."

ती पांढरीफटक पडली. पुढच्या महिन्यात तिची नोकरी कायम होणार होती. दुखऱ्या हाताचं कळलं, तर साहेब दुसरी टायपिस्ट शोधणार. घरी आईलासुद्धा तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती आणि या उपटसुंभाला सगळं ठाऊक!

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही." त्याचं हसू मावळलं. "पण मलाही राग येतो. तुमचा नाही... त्या दुखण्याचा. तुम्ही ओठ चावून टाइप करता आणि इकडे माझं कामात लक्ष लागत नाही. चुकलो. आधी विचारायला हवं होतं."

जुनी बटणं पुन्हा चालू करायला तो कीबोर्डवर वाकला. इतका जवळ, की त्याच्या केसांतली धूळ फुंकून टाकावीशी वाटली तिला. या वाटण्याचा तर तिला फारच राग आला.

"राहू दे!" ती ओरडली. "दुखतोय. खूप दुखतोय. झालं समाधान?"

हे ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली होती. डोळे भरून आले, पण मोकळंही वाटलं. ती ताडकन उठली.

"कुठे?"

"साहेबांकडे. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते."

"मी येऊ सोबत?"

"काही गरज नाही. दाराबाहेर थांब. नोकरी गेली, तर भांडायला कुणीतरी लागेल मला."

"आणि राहिली तर?"

दाराशी ती थबकली. कान तापले होते, आवाज मात्र अजून तसाच करडा.

"तरीही लागेलच."