लाजरी रेघ

"तोंडात काय आहे? आधी गिळा, मग बोला."

पलीकडून पाण्याच्या घोटाचा आवाज आला, आणि त्यामागून एक घोगरा, गोंधळलेला पुरुषी आवाज. "टोस्ट होता... पण तुम्हाला कसं कळलं?"

"पहिलीच्या मुलांना शिकवते मी. तोंड कुणाचं भरलंय आणि कुणाचं रुसलंय, हे मला फळ्याकडे वळूनही कळतं." एवढं बोलून गेल्यावर बाईंनी जीभ चावली. कागदावर लिहिलेला पहिला प्रश्न होता, 'नमस्कार, आपली तब्येत कशी आहे?'

कोरोनाच्या साथीत शाळेला कुलूप लागलं होतं आणि शिक्षकांना दुसरं काम मिळालं होतं. घरीच आजारी असलेल्या लोकांना रोज सकाळी फोन करायचा. ताप किती, दम लागतो का, वास येतो का, आणि घरच्या चाचणीवर रेघा किती. एक रेघ म्हणजे सुटका. दोन म्हणजे आजार अजून मुक्कामाला आहे. शाळेच्याच सभागृहात दूर दूर टेबलं मांडली होती. बाईंच्या शेजारच्या टेबलावर गणिताचे सर बसत. त्या सकाळी सरांचा घसा बसला होता. ओरडून बसलाय, दुसरं काही नाही, असं ते ज्याला त्याला न विचारता सांगत होते. त्यांनी आपल्या यादीतली थोडी नावं बाईंकडे सरकवली. हा टोस्टवाला त्यातलाच. चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचा मालक, वय लग्नाचं, घरात एकटा.

"वास येतो का? डोळे मिटा आणि साबण नाकाशी धरा."

"धरला."

"काय जाणवतं?"

"साबण ओला आहे, एवढंच. जगाने माझ्यापुरतं नाक मुरडलंय, बाई."

बाईंना हसू आलं. ते दाबायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सरांचा घसा सुटला, पण चष्मेवाल्याचं नाव काही त्यांच्याकडे परत गेलं नाही. बाईंनी दिलं नाही, आणि सरांनी मागितलं नाही. सर नुसतेच भुवई उंचावून म्हणाले, "अवघड गणित दिसतंय. सोडवा सावकाश."

तापाचे दिवस वाईट गेले. चष्मेवाला एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा बोले. बाई त्याला पहिलीतल्या मुलासारखं रागावत. पाणी प्यायलात का? पालथे झोपलात का? खोटं नाही सांगायचं. तो "हो बाई," "नाही बाई" म्हणे आणि खरोखर ऐके. एका सकाळी त्याने फोन उचलायला उशीर केला, तेव्हा बाईंच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक मोडलं. आपल्याला काय झालंय, हे त्यांना तेव्हाच कळलं. कळून उपयोग नसतो, तसं कळलं.

मग ताप उतरला. खोकला मागे पडला. आवाजातली घरघर गेली आणि खाली दडलेला खरा आवाज वर आला — मोकळा, थोडासा खट्याळ.

"रेघा किती?"

"दोनच."

"दुसरी कशी आहे? ठळक?"

"ठळक म्हणता येणार नाही... जरा लाजरी आहे. नीट बघावं तर आत जाते."

"पुसट असली तरी ती रेघच. उद्या पुन्हा बघा. उजेडात बघा."

"मला पुसट दिसत नाही हो, बाई. लोकांना पुसट दिसतं म्हणून तर माझं पोट चालतं."

आता यात एक गोष्ट होती, ती सांगायला हवी. शिक्षक मोजके होते आणि आजारी लोक फार. प्रत्येकाकडे ठरावीक नावं. एखाद्याला एक रेघ आली की त्याचं नाव उतरायचं आणि खोळंबलेल्यांतलं पुढचं नाव वर यायचं. भरलेल्या बसमध्ये एक उतरल्याशिवाय दुसऱ्याला चढता येत नाही, तसं. चष्मेवाल्याला हे माहीत नव्हतं. त्याला एवढंच कळलं होतं, की एक रेघ आली की सकाळचा फोन बंद.

बाईंना मात्र सगळं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी रेघ लाजरीच होती. तिसऱ्या दिवशीही. "आज तर तिने पदर तोंडावरच घेतलाय," तो म्हणाला. बाई हसल्या आणि त्याच्या नावापुढे 'दोन' लिहिलं. मग बोलता बोलता तो मध्येच म्हणाला, "थांबा हं, खिडकी लावतो. शेजारी कुणाचं तरी दूध करपलंय."

बाईंचं पेन थांबलं.

वास येतोय तर. आजार गेला, वास आला, आणि रेघ अजून दोन? मुलं खोटं बोलतात तेव्हा त्यात नको तेवढं नक्षीकाम करतात, हे बाईंना वर्गात शिकून पाठ झालं होतं. त्यांनी विचारायला हवं होतं. शब्द ओठांवर आलाही होता.

"बाई? आहात ना?"

"आहे," त्या म्हणाल्या. "उद्या बोलू."

घरी आईने ताट वाढता वाढता विचारलं, "काय गं, आजारी ते लोक आणि गाल तुझे लाल, हे कसं?"

"मास्कमुळे, आई."

"मास्क गालातल्या गालात हसतो हे नव्हतं बाई मला ठाऊक."

पुढच्या सकाळी सर येरझारा घालत होते. "खोळंबलेल्यांची रांग वाढतेय. तुमच्याकडचं कुणी उतरतंय का?"

"एकदोन दिवसांत," बाई म्हणाल्या. सरांकडे न बघता म्हणाल्या.

आणि खरंच, एके दिवशी चष्मेवाल्याने स्वतःच सांगितलं. "एक रेघ. आता खोटं... म्हणजे, आता नक्की एक. दुकान उघडायला हवं. पण सकाळी मला फोन कोण करणार? सवय लागलीय रागावून घ्यायची."

"चष्मेवाले—"

"लसीला एकाच दिवशी जाऊ या? इंजेक्शनची भीती वाटते मला. कुणीतरी 'डोळे मीट' म्हणणारं हवं."

"बघू," बाई म्हणाल्या. त्यांच्या 'बघू'मध्ये 'हो' इतकं स्वच्छ दिसत होतं, की पलीकडे तो हसलाच.

फोन ठेवून त्यांनी चष्मेवाल्याच्या जागी वर आलेला नंबर लावला. वाचनालयात नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ, एकटे राहणारे. फोन एका बाईने उचलला.

"मी शेजारीण बोलतेय. ते काल गेले."

कागदावर यासाठी प्रश्न नव्हता.

शेजारीण रागावलेली नव्हती, नुसती दमलेली होती. "तुमच्याच फोनची वाट बघत होते हो. मी म्हटलं, काका, दवाखान्यात जाऊ. तर म्हणायचे, उगीच जाऊन कुणाची जागा अडवायला नको. नाव नोंदवलंय, फोन येईल, त्या लोकांना समजतं, ते म्हणाले की निघू. फोन उशाशी घेऊनच झोपायचे."

खिडकीबाहेर बारीक पाऊस होता. सर आपल्या टेबलावरून कुणाला तरी मोठ्याने सांगत होते, "पाणी प्या, आजी, पाणी." बाईंनी फोन ठेवला, पुढचं नाव बघितलं आणि नंबर लावला. तो दिवस त्यांनी पुरा केला. घरी गेल्यावर मात्र त्या जेवल्या नाहीत.

काही महिने गेले. शाळा अर्धीमुर्धी सुरू झाली. चष्मेवाल्याचे निरोप येत राहिले. दुकानात कोण आलं, कुणी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला. बाई उत्तरं देत, पण आखडून, उरलेल्या खडूने लिहावं तशी. त्याला वाटलं, लाजतायत. मग एकदा त्याने लिहिलं, 'माझी लस पुढच्या बुधवारी. तुमची?' बाईंनी तोच दिवस घेतला. जे सांगायचं होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

लस टोचून झाली की अर्धा तास बसवून ठेवायचे. मोठ्या खोलीत खुर्च्या होत्या. बाई, त्याला कळवल्याप्रमाणे हिरव्या साडीत, दंड चोळत एका खुर्चीवर बसल्या होत्या, तेवढ्यात समोर एक उंच माणूस येऊन थांबला. मास्कच्या वाफेने त्याच्या चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या.

"तोंडात काही नाहीये," तो म्हणाला. "वाटल्यास बघा."

इतके दिवस नुसता आवाज होता. आता त्याला खांदे होते, बाह्या दुमडलेले हात होते, आणि चष्मा पुसायला काढल्यावर दिसलेले, जरासे भित्रे डोळे होते. तोच माणूस. त्यांनी मनात आणला होता त्याहून बरा.

"चष्मेवाल्यालाच दिसत नाही," त्या म्हणाल्या. न ठरवता म्हणाल्या.

"आता दिसतंय," तो म्हणाला आणि शेजारच्या खुर्चीत बसला. "तुम्ही बारीक आहात. आवाजावरून मला छडीवाल्या वाटला होतात."

"छडी आहे. घरी ठेवलीय."

तो हसला. मग पुढे वाकून, मुलं गुपित सांगताना करतात तसा आवाज बारीक करून म्हणाला, "एक चोरी कबूल करू? ती लाजरी रेघ... नव्हतीच. शेवटचे दिवस एकच रेघ होती. सांगितलं असतं तर तुमचा फोन बंद झाला असता."

इथे त्या हसतील, निदान रागावल्यासारखं करतील, असं त्याला वाटलं होतं.

"मला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

"होतं?" त्याचे डोळे उजळले. "आणि तरी तुम्ही..."

"तरी मी 'दोन' लिहिलं."

मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं. नाव उतरणं, नाव चढणं, वाचनालयातले काका, उशाशी ठेवलेला फोन. नवा धडा शिकवावा तसं सावकाश सांगितलं, एकही पायरी न गाळता. चष्मेवाला ऐकता ऐकता चष्मा पुसत होता. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या.

"मला ठाऊक नव्हतं," तो शेवटी म्हणाला.

"मला होतं. म्हणून तुमच्यावर राग नाहीये माझा."

"कदाचित... ते तसेही... म्हणजे, आधी फोन गेला असता तरी—"

"कदाचित. मीही रोज तेच म्हणते. पण हे 'कदाचित' आपल्या दोघांमध्ये रोज ताट मांडून बसेल. तुम्ही काही गमतीचं बोलाल, मी हसेन, आणि मग आपण दोघंही त्याच्याकडे बघू."

"त्याची सवय होईल, बाई. माणसाला सगळ्याची होते."

"तीच भीती वाटते मला."

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. त्यात खट्याळपणा नव्हता. "आता सांगून काही उपयोग नाही, तरी सांगतो."

"मलाही," बाई म्हणाल्या. "उपयोग नाही, तरी."

त्याचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, त्यांचाही. दोन्ही हातांत वीतभर अंतर, आणि ते कुणीही मोडलं नाही. भिंतीवरचं घड्याळ बघायचं नाही असं जणू ठरलं होतं. एवढा एक अर्धा तास त्यांचा होता, आणि तो कुणाकडून हिसकावलेला नव्हता.

सिस्टर फिरत फिरत त्यांच्यापाशी आल्या. "चक्कर? मळमळ? काही त्रास?"

"नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला?"

"नाही."

"मग निघा आता दोघं. खुर्च्या लागतील, लोक उभे आहेत."

दोघंही लगेच उठली. दारापाशी पोचेपर्यंत त्यांच्या खुर्च्यांवर एक म्हातारं जोडपं बसलंसुद्धा होतं. म्हातारी नवऱ्याची बाही खाली ओढून देत होती.

बाहेर ऊन पडलं होतं. गेटपाशी चष्मेवाला थांबला. "काळजी घ्या, बाई."

"तुम्ही पण."

तो डावीकडे वळला. बाईंचं घरही डावीकडेच होतं. तो कोपऱ्यावरून दिसेनासा होईपर्यंत त्या गेटपाशी उभ्या राहिल्या, आणि मग उजवीकडच्या, लांबच्या रस्त्याने चालू लागल्या.