घट्ट पाणी

मी काही भुताखेतांना घाबरणारी बाई नाही, आधीच सांगते. पण बसा जरा. दिवा राहू दे चालू.

माझे सासरे, भाऊसाहेब, इथे परदेशातच, आमच्या शहरातल्या सेम्बावांग भागातल्या एका नर्सिंग होममध्ये आहेत. स्ट्रोकनंतर त्यांना नीट गिळता येत नाही. जेवण सगळं मिक्सरमधून काढलेलं, आणि पाण्यातसुद्धा पावडर कालवून ते खिमटासारखं घट्ट करायचं. साधं पाणी पोटात जायच्या ऐवजी छातीत उतरतं. दोनदा न्यूमोनिया झालाय. तिसरा झेपणार नाही, असं डॉक्टरांनी समीरला, माझ्या नवऱ्याला, स्वच्छ सांगितलं होतं.

पितृपक्षात सासूबाईंची तिथी आली. बाबांनी हट्टच धरला. "लताचं पान इथं वाढ. मी ही लापशी गिळतोय, निदान ती तरी धड जेवेल." या देशात कावळ्यांना खायला घालायला बंदी. तरी मी भर दुपारी डबा घेऊन गेले, आणि कोणी बघत नाहीसं पाहून वॉर्डाच्या गॅलरीत कठड्यावर पान ठेवलं. वडे, खीर, भात, वाटीभर पाणी.

कावळा आला. बसून राहिला. काही केल्या शिवेना.

अशा वेळी आपल्याकडे काय करतात, तर माणसाचा जीव कशात अडकलाय ते ओळखून शब्द द्यायचा. काळजी करू नका, आम्ही बघू. मलाही तेच म्हणायचं होतं. पण ऑफिसातून अर्धी रजा टाकून आलेली, ऊन मी म्हणत होतं, डोकंच फिरलं माझं. म्हटलं, "आई, बाबांच्या खाण्यापिण्याची एवढी चिंता आहे ना, मग बघा आता तुम्हीच."

कावळ्याने लगेच घास उचलला.

दुसऱ्या दिवशी तिथल्या नर्सचा, राधिकाचा, फोन. "मॅडम, यू गेव्ह अंकल प्लेन वॉटर, इज इट? कॅनॉट ला." म्हणजे इथल्या इंग्रजीत, अजिबात चालणार नाही. मी दिलं नव्हतं. धावत गेले. बाबांची छाती घरघरत होती, आणि ओठाला भाताचं शीत चिकटलं होतं. अख्खं शीत. त्या वॉर्डात अख्खा भात कुणाच्याच ताटात नसतो.

"बाबा, कोणी भरवलं?"

"लताने..." कित्येक महिन्यांनी ते हसले. "पाणीपण दिलं... गार..."

पलंगाशेजारच्या रिकाम्या खुर्चीतून नुकत्या तळलेल्या वड्यांचा वास येत होता. माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि मग रडूच फुटलं. जन्मभर या बाईने नवऱ्याला गरम गरम वाढलं. आता मायेनेच जीव घेणार होती ती त्यांचा.

मी पावडरचा डबा उचलला आणि त्या खुर्चीसमोर उभी राहिले. "आई... हे बघा. पाण्यात ही पावडर घालायची. ढवळायचं. गुठळी राहू द्यायची नाही. ज्याचा घास अडकणार, त्याला पाणी असंच द्यायचं... नाहीतर माणूस जातो हो."

खुर्ची करकरली. बस, तेवढंच.

बाबांच्या छातीतली घरघर थांबली. राधिका म्हणाली, अंकलचं पाणी हल्ली कुणीतरी आधीच कालवून ठेवतं, व्हेरी नाइस. मी कानाला खडा लावला, पुन्हा असं वेडंवाकडं बोलायचं नाही. सुटलो बाई एकदाचे, असं वाटलं.

काल टॅम्पिनीसला, आमच्या घरी, आम्ही दोघं जेवायला बसलो. एकाच जगमधून दोन्ही पेल्यांत मीच पाणी ओतलं होतं. समीरने पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

"वल्लरी, हे काय? पावडर घरी आणलीस?"

नव्हती आणली. मी त्याचा पेला आडवा धरला. थेंब पडला नाही. माझ्या पेल्यात साधं पाणी होतं. ज्याचा घास अडकणार, त्याला असं पाणी द्यायचं, हे मीच आईंना सांगितलं होतं.

समीर चाळिशीतला, धडधाकट माणूस. त्याला काही झालेलं नाही. तो हसला, एक घास घेतला, आणि त्याला ठसका लागला. साधाच. कुणालाही लागतो. मी टेबलाच्या या बाजूला होते, उठायचं भान राहिलं नाही. ठसका थांबेपर्यंत त्याच्या पाठीवरून कुणीतरी हात फिरवत होतं. शर्टाला पडणाऱ्या चुण्या मला खांद्यापाशी दिसत होत्या.