नऊ पीळ आणि एक हीटर

प्रिंटरमधून निघालेला माझा आलेख एका अनोळखी माणसाच्या हातात होता, आणि तो त्यावर लाल पेनाने फुल्या मारत होता. माझ्या आलेखावर! न विचारता!

"तुमचा का? हे चुंबकीय पीळ नाहीत हो," तो शांतपणे म्हणाला. "यानाचा हीटर आहे. तो चालू झाला की चुंबकमापक असाच गचका देतो."

"आपण कोण?"

"यानाकडून आलेला डेटा साफ करणारा."

म्हणजे हाच तो! सूर्याकडून वाहणाऱ्या वाऱ्यात चुंबकक्षेत्र कधी कधी दोरासारखा पीळ घेतं. यान त्यातून गेलं की आलेखाची रेघ हळूच वळते. दोन वर्षं डोळे फोडून मी असे नऊ पीळ शोधले होते. शुक्रवारी पाचपर्यंत लेख गेला नाही, तर माझी इथली नेमणूक संपणार होती. आणि हा गृहस्थ हीटरचं वेळापत्रक बघून नऊच्या नऊ पुसायला निघालेला!

"गचका आणि वळण यातला फरक कळतो का तुम्हाला?"

"कळतो की." तो हसला. गालाला खळी पडली. मला त्या खळीचाही राग आला.

मग दोन दिवस नुसती भांडणं. जिन्यात, कॅन्टीनच्या रांगेत, जिथे गाठ पडेल तिथे.

"रागावलात की तुमचं नाक लाल होतं."

"विषय बदलू नका!"

गुरुवारी तो दिसलाच नाही. मी चारदा कॅन्टीनमध्ये डोकावले... आणि स्वतःवरच चिडले.

शुक्रवारी दुपारी तो आला. दाढी वाढलेली, हातात कागदांचा गठ्ठा.

"दुसऱ्या एका यानाचा डेटा चाळला," तो म्हणाला. "ते तुमच्या यानापेक्षा सूर्याच्या जवळ आहे. वारा आधी त्याच्यावरून जातो. तासभर आधी तिथेही हीच वळणं दिसतात. दोन यानांचे हीटर काही ठरवून चालत नाहीत! तुमचे सात पीळ खरे आहेत. मी वेळापत्रक बघून सरसकट छाटले. चूक माझी. विभागप्रमुख बाईंना तसं लिहून देऊन आलोय."

"आणि उरलेले दोन?"

"ते हीटरच."

"अहो, आज तरी खोटं बोलायचं होतंत!"

"तुमच्याशी नाही जमत. म्हणजे — मला तुम्ही आवडता. फार आवडता. पण ते दोन हीटरच आहेत."

तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला असं काही सांगत होतं, तेही हीटर मध्ये घालून! मी त्याच्या हातातले कागद हिसकावले, एकेक रेघ तपासली. तो मेला खरंच बोलत होता. मग ते दोन पीळ मी माझ्याच हाताने खोडले. जिवावर आलं, पण खोडले.

पाचला दहा मिनिटं असताना सात पिळांचा लेख गेला. तो अजून दाराशीच उभा होता, चोरासारखा.

"मघाचं ते वाक्य परत म्हणा," मी फणकाऱ्याने म्हटलं, "हीटर वगळून."