घाटनांदूरचं शिबिर

दसऱ्यानंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात, म्हणून अंबाजोगाईच्या महिला व्यावसायिक मंडळाचं आरोग्य शिबिर त्याआधीच घाटनांदूरच्या शाळेत भरायचं. मंडळ काढलं होतं डॉ. जिनतच्या खालानं, म्हणजे मावशीनं. खाला कमरजहाँ मुख्याध्यापिका होत्या. एक वकीलबाई आणि दोन नर्सा सोबत घेऊन त्या सुरुवातीला शाळेत मुलींना संडास हवा म्हणून भांडल्या, मग टाकलेल्या बायकांच्या पोटगीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. आता अध्यक्षपद जिनतकडं आलं होतं, आणि खालाचा तापट स्वभावही.

त्या सकाळी ती पेटलेलीच होती. बाईमागून बाई सांगत होती, "माझी पिशवी काढलीय." कुणी पस्तिशीही गाठलेली नव्हती. पाळी आली की तोडीचा खाडा होतो. मुकादम म्हणायचा, काढूनच टाका. आणि काढणारा एकच, सर्जन बंकटराव. अंगावरून पांढरं जातंय एवढ्यावर कॅन्सरची भीती घालून त्यानं पोटं फाडली होती.

सरूबाई टेबलावर आडवी झाली. "म्याडम, पोटात कायतरी हालतंय."

"पिशवीच नाही तर काय हलणार? गॅस असेल."

"दोन लेकरं झालीत मला. ग्यास वळखू येतो की."

तिची समजूत पटावी म्हणून जिनतनं बाळाचे ठोके ऐकायचं छोटं यंत्र ऑपरेशनच्या वणाशेजारी टेकवलं. खरखर झाली. मग ठोके आले. घाईघाईचे, स्वच्छ.

जिनतनं तिची नाडी धरली. नाडी संथ होती, म्हणजे ठोके तिचे नव्हते. यंत्र बिघडलं असेल म्हणून तिनं ते मंडळाच्या वकील पंचशीलाच्या पोटाला लावून पाहिलं. नुसती खरखर. पुन्हा सरूबाईला. ठोके.

पिशवी काढलेल्या पुढच्या बाईलाही तेच. तिच्या पुढचीलाही.

कुणीच दचकली नाही. एक जण पदर तोंडाशी धरून हसत होती.

दुपारी बंकटराव गाडीतून उतरला. मंडळ बायकांचे जबाब घेतंय, हे त्याच्या कानावर गेलं होतं.

"मॅडम, माझ्या पेशंटना भडकवताय?"

"सव्वीस वर्षांच्या सरूबाईला कसला कॅन्सर होता?" जिनतचा आवाज चढला. "रिपोर्ट दाखवा! बाई आहे ती, ऊस नाही, दिसला की तोडायला!"

"मी जीव वाचवलेत."

"मग हे ऐका." तिनं यंत्र सरूबाईच्या पोटाला लावलं.

काहीच नाही. दुसरीला लावलं. काहीच नाही.

बंकटराव मोठ्यानं हसला. त्यानं यंत्र हिसकावलं. "ह्या डबड्याच्या जिवावर केस करणार?" म्हणत ते स्वतःच्या उजव्या तळहातावर आपटलं.

ठोके घुमले. एकाचे नव्हते. एकमेकांत गुंतलेले, कितीतरी.

त्यानं यंत्र टेबलावर टाकलं. ठोके थांबले नाहीत.

जिनतनं बटन बंद केलं. तरी नाहीत.

त्यानं मूठ आवळली. आवाज दबला, दाराआड कोंडल्यासारखा. मूठ उघडली, तसा मोकळा झाला.

सरूबाई टेबलावरून उतरली. दोन्ही हातांनी त्याचा हात धरून तिनं कानाशी नेला.

"ह्यो न्हाई," ती एकेक ठोका ऐकत पुटपुटली. "ह्यो बी न्हाई."

बंकटराव हात ओढत होता. हात सुटेना. त्यानं जिनतकडं पाहिलं. जिनत डॉक्टर होती. ती बाजूला सरकली.

"ह्यो माझा," सरूबाई म्हणाली.

पाठीमागं बायका उठून रांगेला लागल्या होत्या. सरूबाईनं मान वळवली.

"ढकलू नका गं," ती हळूच म्हणाली. "समद्यांचे हायत."